रोड बाइक जुळवतोय, क्रँकसेटपाशी घोडं अडलंय

चढउतार
नमस्कार मंडळी. चार वर्षं हायब्रिड चालवल्यावर यंदा रोड बाइक करायची ठरवली. तयार घेण्यापेक्षा एकेक भाग जमवून स्वतः जुळवावी असं मनाने घेतलं. मित्राकडून ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क मिळाला. चाकं होतीच. शिमानो सोरा आर३०००चे शिफ्टर, दोन्ही डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे) आणि ११-३२ची, म्हणजे ११ ते ३२ दातांच्या मागच्या नऊ चकत्यांची, नऊ स्पीड कॅसेट एकाने बदलताना काढून ठेवली होती, ती घेतली. ब्रेक, हँडल, सीट झालं. राहिला क्रँकसेट, म्हणजे पायडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी रिंगा.

बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ती बेअरिंगं) धरून या भागासाठी आठ हजार बाजूला ठेवलेत. समोर तीन गोष्टी आहेत. एक, नवा सोरा, ५०/३४ (पुढच्या दोन रिंगांचे दात). दोन, एकाने विकायला काढलेला अल्टेग्रा ६८००, ५२/३६, १७२.५ मिमी लांबीच्या क्रँकचा. फोटोत अगदी चकचकीत आहे आणि सोरापेक्षा थोडा स्वस्तच पडतोय. तीन, चौकोनी एक्सलवर बसणारा साधा क्रँकसेट, निम्म्या पैशात.

राहायला पुण्यात, उंची पाच फूट चार इंच, वजन ७४ किलो. रोज सकाळी कात्रजकडे, रविवारी सिंहगड, आणि दिवाळीनंतर पहिली २०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर) करायची आहे. मन अल्टेग्राकडे ओढतंय. तुम्ही काय कराल?

रंकाळा
भावा, अल्टेग्रा घे आणि मोकळा हो. नऊच्या किमतीत अकरा स्पीडचा क्रँक मिळतोय, नाद खुळा! परत असला चान्स यायचा नाही.

घाटमाथा
थांबा जरा. आधी फ्रेम उलटी करा आणि बॉटम ब्रॅकेटची नळी बघा. आतून आटे आहेत का? रुंदी किती भरते? आटे असतील आणि ६८ मिमी भरली तर ती बहुतेक बीएसए (आट्यांचा एक प्रमाण प्रकार), म्हणजे मोठी काळजी मिटली. ७० मिमी भरली तर इटालियन असणार, तिचे कप (नळीत दोन्हीकडून बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या) वेगळे. आटेच नसतील, आतून गुळगुळीत असेल, तर प्रेसफिट. त्यात पुन्हा बरेच प्रकार, आणि बेअरिंग दाबून बसवायचं अवजार घरात नसतं. क्रँकचं नाव नंतर, नळी आधी.

चढउतार
मोजलं. ६८ भरतेय, आटे आहेत. उजव्या बाजूच्या आट्यांत रंग अडकलेला दिसतोय.

पान्हाधारी
रंग अडकलाय तर कप दामटू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक फ्रेम आली. मालकाने उजवा कप नेहमीसारखा घड्याळाच्या दिशेने फिरवायला घेतला. जाईना, म्हणून पान्ह्याला पाइप लावला. बीएसएमध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचा. कप ॲल्युमिनियमचा, फ्रेम ॲल्युमिनियमची, दोन्हीकडचे आटे गेले. चांगली फ्रेम होती, जीव हळहळला.

तेव्हा आधी आट्यांवरून टॅप (आटे साफ करायचं अवजार) फिरवून घ्या. चांगल्या दुकानात थोडक्या पैशात होतं. मग ग्रीस लावा आणि कप हाताने फिरवा. निदान तीन-चार वेढे बोटांनी जायला हवेत. बोटांनी जात नसेल तर पान्ह्याने नेऊच नका. शेवटचं आवळणं ३५ ते ५० न्यूटन मीटर.

वैनगंगा
उलटे आटे का पण? उगाच गोंधळ.

पान्हाधारी
उगाच नाही हो. मूठ सैल ठेवून तिच्यात पेन्सिल उभी धरा. वरचं टोक बोटाने गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरते, बघा करून. पायडल मारताना जोर सतत गोल फिरत असतो, त्यामुळे कपही असाच हळूहळू उलट सरकायला बघतो. उजवा कप सरळ आट्यांचा असता तर चालवता चालवता सुटत गेला असता. पायडलच्या बाबतीत हेच, फक्त बाजू बदलते. तिथे डाव्या पायडलचे आटे उलटे.

अवांतर: आमचं सांगलीत सायकलचं दुकान होतं. वडिलांच्या काळात सगळ्या सायकलींना कॉटर पिनचे क्रँक. पिन झिजली की प्रत्येक फेरीला पायाखाली 'टक्' व्हायचं. दुकानासमोरून सायकल गेली की वडील आत बसून सांगायचे, "डावीकडची पिन गेलीय." नवी पिन कानशीने घासून तिचा उतार बरोबर जुळवायचा, मग खाली लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन हातोड्याचे दोन-तीन घाव. आधार न देता ठोकलं तर मार बेअरिंगच्या छऱ्यांवर बसतो. मी आठवीत असताना ठोकळा धरायचं काम माझ्याकडे होतं.

आरोही
पान्हाधारी, ही आठवण खूप आवडली. आमच्या आजोबांच्या सायकलचाही तो 'टक्' मला आठवतो.

आता मुद्द्यावर येते. चढउतार, तुमची उंची पाच-चार आणि क्रँक १७२.५? नका घेऊ. मी पाच-दोन आहे. तयार बाइकबरोबर १७०चे क्रँक आले होते, तीन वर्षं तेच चालवले. पायडल वर आलं की मांडी पोटाला लागायची आणि ६० किमीनंतर उजवा गुडघा पुढून दुखायला लागायचा. सगळे सीट वरखाली करायला सांगत होते. शेवटी १६५ बसवले, सीट ५ मिमी वर घेतली, आणि पायाची फेरी एकदम मोकळी झाली. ५ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण फेरीचा व्यास १० मिमीने कमी होतो, आणि २०० किमीत तुमचा पाय ती फेरी चाळीस-पन्नास हजार वेळा मारतो.

सपाटीचा_राजा
क्रँकची लांबी पटली. पण ५२/३६ला नावं ठेवू नका. सोलापूरच्या रस्त्यावर ५०-११ला (पुढे ५०, मागे ११ दात) माझे पाय मोकळे पडतात. पुढे दात कमी घेतले की वेगच मिळत नाही.

वॅट_लागली
राजे, हिशेब करू. ७०० बाय २५च्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ५०-११ला एका फेरीत बाइक साडेनऊ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर ताशी ५१ किमी. तुमचे पाय तिथे मोकळे पडत असतील तर तुम्ही सोलापुरात काय करताय, तुम्हाला वेलोड्रोमवर सोडायला हवं.

चढउतार यांचं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. ते ७४, बाइक, दोन बाटल्या आणि सामान धरून ८५ किलो. सिंहगडावर १० टक्क्यांचे तुकडे लागतात. पाय मिनिटाला ६० फिरवायचे म्हटले, तर:

३६-२८ला ताशी ९.७ किमी, लागणारी ताकद साधारण २४० वॅट.
३४-३२ला ताशी ८ किमी, साधारण २०० वॅट.
३४-३४ला ताशी ७.६ किमी, साधारण १८५ वॅट.

हौशी माणसाने २४० वॅट अर्धा तास लावून धरणं सोपं नाही. मग काय होतं? फेऱ्या ६० वरून ४० वर येतात, माणूस उभा राहून दाबतो, गुडघा ओरडतो, आणि गोळेवाडीतून वर निघालेला माणूस मध्येच 'फोटो काढायला' थांबतो.

सपाटीचा_राजा
फोटो काढायला मीही थांबलोय तिथे, दोनदा. माघार घेतो. :)

दुसरी_फेरी
वर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुना अल्टेग्रा घेताना सर्वांत आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. सप्टेंबर २०२३मध्ये शिमानोने स्वतःच जाहीर केलं की अकरा स्पीडच्या काही क्रँकची तपासणी करून घ्या. अल्टेग्रा ६८०० आणि आर८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर९१००, जुलै २०१९च्या आधी बनलेले. हे क्रँक दोन पत्रे चिकटवून आतून पोकळ केलेले असतात. काहींमध्ये ते चिकटवलेले भाग सुटून क्रँकचा हात (पायडलचा दांडा) वेगळा होऊ शकतो. क्रँकच्या मागच्या बाजूला, पायडल बसतं तिथे, दोन अक्षरांचा कोड असतो. त्यावरून तो यादीत आहे का ते कळतं.

यादीतला प्रत्येक क्रँक खराब असतो असं नाही, तपासून चांगला निघाला तर तो चालवतात. पण तुम्ही दुसऱ्या हाताने, बिलाशिवाय घेताय. विकणाऱ्याला कोडचा फोटो मागा. सांध्याच्या रेषेवरून नख फिरवून बघा, फट किंवा पांढरट रेघ लागते का. पायडल मारताना किरकिर येत असेल तर नाहीच म्हणा.

रंकाळा
हे मला माहीतच नव्हतं. वरचा माझा सल्ला मागे घेतो भावा. माझ्या स्वतःच्या बाइकला आर८००० आहे, आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघतो.

रंकाळा
आलो बघून. २०२०चा निघाला, यादीत नाही. जीव भांड्यात पडला. पण खरंच, धागा उघडल्याबद्दल आभार.

चढउतार
कोडचा फोटो मागितला. विकणारा म्हणाला, "बाइक गावाला आहे." दुसऱ्या दिवशी जाहिरातच काढून टाकली. तो विषय मिटला.

मग आता सोरा की चौकोनी एक्सल? आणि ४६/३०वाले ग्रॅव्हलचे (कच्च्या रस्त्याच्या बाइकचे) क्रँक असतात, ते घाटाला आणखी सोपे नाहीत का?

घाटमाथा
सोपे आहेतच. ३०-३२ला ६० फेऱ्यांत ताशी ७ किमी, आणि ४६-११ला ९० फेऱ्यांत ४७, म्हणजे वरही काही गमावत नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना खरं तर तेच योग्य. अडचण अशी की शिमानोच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल क्रँकमध्ये चेनची रेषा (फ्रेमच्या मध्यापासून रिंगांचं अंतर) रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही त्याचाच लागतो. तुमच्याकडचा सोराचा डिरेलर तेवढा बाहेर जाईलच असं नाही. आठ हजारांत दोन्ही बसणार नाहीत.

त्यापेक्षा ५०/३४ घ्या आणि पुढे कॅसेट झिजली की ११-३४ लावा. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा असेल तर सोरा आर३००० ३४ दात घेतो. सोपेपणा मागच्या कॅसेटमधून घेणं नेहमी स्वस्त पडतं. ११०च्या बीसीडीवर, म्हणजे बोल्टांच्या त्या वर्तुळावर, पुढे ३४पेक्षा लहान रिंग सहसा बसत नाही. म्हणून पुढचा तळ ३४ धरून चाला.

वैनगंगा
एकच रिंग लावली तर? पुढचा डिरेलर नको, केबल नको, झंझट नको. मी चंद्रपूर भागात तसंच चालवतो.

वॅट_लागली
तुमच्याकडे सपाटी आहे, जमून जातं. यांच्याकडे डावा शिफ्टर आणि पुढचा डिरेलर आधीच पैसे देऊन आलेला आहे. नऊ स्पीडवर एकच रिंग केली की दोन गिअरमधल्या उड्या मोठ्या होतात. बीआरएमला सपाट रस्त्यावर तासन्‌तास एकाच लयीत पाय फिरवायचे असतात, तिथे त्या टोचतात.

मिरकरवाडा
चौकोनी एक्सलची बाजू कोणीच घेत नाही, म्हणून मी घेतो. रत्नागिरीत वर्षातले चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. माझ्या दोन बाइक आहेत. एकीला बाहेर बेअरिंगवाला, २४ मिमी एक्सलचा क्रँक. तिचं बॉटम ब्रॅकेट दर पावसाळ्यानंतर बदलतो. ऑगस्टअखेर बेअरिंग हाताने फिरवलं की वाळू दळल्यासारखं लागतं. दुसरी चौकोनी एक्सलची, आत बंद डब्यासारखं कार्ट्रिज. सहावं वर्ष चालू आहे, अजून लोण्यासारखं फिरतं. वजन जास्त आहे, मान्य. पण भर पावसात हातखंब्याजवळ थांबून मी वजन मोजत बसत नाही.

काळजी दोनच. एक्सलची लांबी क्रँक बनवणाऱ्याने सांगितली असेल तीच घ्यायची, नाहीतर चेनची रेषा बिघडते. आणि बोल्ट सैल असताना चालवायची नाही. एकदा का क्रँकचं चौकोनी भोक गोल व्हायला लागलं, की तो क्रँक भंगारात.

आरोही
मिरकरवाडांचं म्हणणं कोकणासाठी शंभर टक्के पटतं. फक्त त्या स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा रिंगा रिव्हेट करून बसवलेल्या असतात. दात झिजले की अख्खा सेट टाकायचा. घेताना रिंगेला बोल्ट आहेत का ते नक्की बघा.

पान्हाधारी
+१. आणि त्या रिंगांवर चेन चढवायला मदत करणाऱ्या खाचा-खुंट्या नीट नसतात. घाट संपल्यावर ३४ वरून ५० वर जाताना चेन घुटमळते. नवशिक्याला वाटतं डिरेलर बिघडलाय.

दुसरी_फेरी
चढउतार, अजून काही घेतलं नसेल तर ऐका. मी पॉवर मीटरवाला (पायाची ताकद मोजणारा) क्रँक बसवला, त्यामुळे टिआग्रा ४७०० काढून ठेवलाय. ५०/३४, १६५ मिमी. जेमतेम ९०० किमी झालेत, बिल आहे. दहा स्पीडचा आहे, पण नऊची चेन त्यावर बिनदिक्कत चालते. चेनची आतली रुंदी तीच, बाहेरून तेवढी थोडी जाड. टिआग्राचे हात त्या यादीतले नाहीत. बॉटम ब्रॅकेट नवं घ्या, ते जुनं देत नाही. साडेपाच हजार द्या. मी कोथरूडला असतो. आधी येऊन बघा, हातात घ्या, मगच ठरवा.

रंकाळा
१६५! आरोहीताईंचं ऐकून देवानेच धाडलाय. पळ भावा पळ.

चढउतार
शनिवारी जातो. आरोहीताई, घाटमाथा, सगळ्यांचे मनापासून आभार.

घाटमाथा
बघायला जाताना रिंगेचे दात शार्कच्या दातांसारखे तिरके झालेत का बघा. एक्सलवर बेअरिंग बसतं त्या दोन पट्ट्यांवर नख फिरवा, खाच लागता कामा नये. डाव्या हाताच्या आतल्या बारीक दात्या चांगल्या कोरीव दिसायला हव्यात. तिथे चिंबलेलं दिसलं तर तो हात कधीतरी सैल चालवलेला आहे.

हे अनुभवातून सांगतोय. एका ३००च्या बीआरएममध्ये रात्री पसरणी घाटात माझा डावा क्रँक पायासकट बाहेर आला. निघायच्या आदल्या दिवशी एका दुकानातून सर्व्हिसिंग करून आणली होती, दोन बोल्टांपैकी एकच आवळलेला. पायात बूट, बुटाला पायडल, पायडलला क्रँक, आणि मी एका पायावर रस्त्याकडेला उभा. मागून आलेल्या दोन मुलांनी ॲलन की दिली. दात्या चेपल्या होत्या, पाचगणीपर्यंत चालत गेलो. तेव्हापासून ते दोन बोल्ट मी स्वतः आवळतो.

चढउतार
पाच आठवड्यांनी येतोय, कारण बाइक आता रस्त्यावर आहे.

टिआग्रा घेतला. दुसरी_फेरी यांनी चहा पाजला आणि डब्यातून क्रँक काढून टेबलावर जुन्या पंच्यावर ठेवला. घाटमाथा यांनी सांगितलं ते सगळं नखाने तपासलं, त्यांनी हसत हसत टॉर्च धरला. नव्या बॉटम ब्रॅकेटसकट साडेसात हजारांच्या आत बसलं. उरलेल्या पैशांत आट्यांवरून टॅप फिरवून घेतला. उजव्या बाजूने हिरव्या रंगाचा चांगला चिमूटभर भुगा निघाला. मग कप खरोखर बोटांनी पाच वेढे आत गेला.

बसवताना एक गोष्ट कळली, ती पुढच्यांसाठी लिहितो. डाव्या हातावर दोन बोल्टांच्या मधल्या फटीत छोटी काळी प्लास्टिकची पट्टी असते, तिला बारीक खुंटी. क्रँक एक्सलवर पूर्ण आत गेला तरच ती खुंटी एक्सलच्या भोकात बसते. माझी बसत नव्हती. मी पट्टीवर जोर देणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की बाहेरची प्लास्टिकची टोपी मी पुरेशी फिरवलेली नाही. ती आणखी पाऊण वेढा फिरवली, अगदी हलक्या हाताने, आणि पट्टी टिक् करून खाली बसली. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडं हे थोडं ते, १३ न्यूटन मीटरपर्यंत. टॉर्क रेंच शेजाऱ्यांच्या मुलाकडून आणला होता.

काल सिंहगड. ३४-३२ वर, बसून. शेवटच्या वळणांवर पाय ५०च्या आसपास फिरत होते, पण फिरत होते. गुडघा शांत. सकाळचे सव्वासात वाजले होते, धुकं होतं, आणि बाइकमधून चेनचा बारीक सळसळाट सोडला तर कसलाही आवाज नव्हता. वर पिठलं-भाकरी आणि दही खाल्लं.

पान्हाधारी
किती छान. शंभर किमी झाले की ते दोन बोल्ट एकदा परत १३ला तपासा. नवीन बसवलेले असतात तेव्हा थोडे बसतात.

वॅट_लागली
मध्ये किती वेळा फोटो काढायला थांबलात?

चढउतार
एकदाच. खरंच फोटो काढायला. दरीत ढग उतरले होते, खडकवासल्याचं पाणी तेवढं मधून चमकत होतं. इथे कसा टाकायचा ते सांगा, टाकतो.